सुतळीचं घर

आमच्या गच्चीवर महिनाभर एक घर होतं. त्याला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, आणि तरीही तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या की एका ठरावीक जागी थांबून विचारायच्या, "येऊ का गं आत?" मी "या की" म्हणायची. मग त्या चपला बाहेर काढायच्या, ओली बादली सांभाळत आमची बैठकीची खोली ओलांडायच्या आणि मागच्या दाराने अंगणात जाऊन चादरी झटकायच्या. पहिले दोन दिवस आम्हाला हसू आलं. तिसऱ्या दिवसापासून कोणी हसेना.

हे घर माझ्या नवऱ्याने आखलं होतं. तो नाटकांचे सेट उभे करतो. खिशात खिळे, तोंडात खिळे, अंथरुणातही एखादा खिळा, म्हणून थिएटरात सगळे त्याला 'खिळे' म्हणतात आणि आता मीही म्हणते. सेट तयार होण्याआधी तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून तो अख्खं घर आखतो. इथे भिंत, इथे दार, इथे जिना. नट महिनाभर त्या पट्ट्यांच्या घरात राहतात, भांडतात, मरतात, आणि खरा सेट आला की काळोखातही कुठे अडखळत नाहीत. गच्चीवर त्याने पट्टीऐवजी जाड सुतळी चिकटवली, कारण आमच्या नटाला पट्टी दिसली नसती. तळपायाला लागेल असंच काहीतरी हवं होतं. आमचा नट म्हणजे माझे बाबा.

बाबांनी एकतीस वर्षं शहराची बस चालवली. निवृत्त झाले आणि काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली. आधी रस्त्याच्या बाजूची माणसं गेली, मग रस्ता गेला, मग ताटातलं जेवण. सहा वर्षं झाली, आता काहीच दिसत नाही. पण कोणी हात धरलेला त्यांना खपत नाही. एकदा जिन्यात मी त्यांचं कोपर धरलं, तर जागच्या जागी थांबून म्हणाले, "मी काय सामान आहे?"

शहरातल्या आमच्या दोन खोल्या त्यांना पाठ आहेत. दारापासून कठडा चार पावलं, मग अठरा पायऱ्या, तळाशी विजेच्या मीटरची पेटी, तिच्यावर दोन बोटं टेकवून उजवीकडे, आणि अकराव्या पावलावर न्हाव्याचं दुकान. तिथल्या बाकावर ते रोज सकाळी जाऊन बसतात. रस्त्यावरून बस गेली की नुसत्या आवाजावरून तिचा नंबर सांगतात. अर्धी दाढी झालेली गिऱ्हाइकं साबणाच्या तोंडाने बाहेर डोकावून नंबर बरोबर आहे का ते बघतात. तो बरोबरच असतो.

मी कवळ्या बनवते. लॅब घरापासून चार मिनिटांवर आहे. दुपारी जेवायला मी घरी येते, बाबांना वाढते, हात धुते आणि परत मेणात आणि प्लास्टरमध्ये बोटं घालते. बावीस वर्षांत कामासाठी मी कधी बसमध्ये चढले नाही. मला बस लागते. अशी तशी नाही, दुसऱ्या थांब्यालाच मळमळतं आणि डोकं गरगरायला लागतं. ड्रायव्हरच्या मुलीला बस लागते, ही गोष्ट बाबांनी डेपोत कोणाला कळू दिली नाही.

तर असं सगळं जिथल्या तिथे होतं. आणि मग एका कवळीने घोळ केला.

बसच्या अगदी शेवटच्या थांब्यावर, शहर संपून बराच वेळ झाल्यावर, एक निवृत्त मास्तरीणबाई राहायच्या. त्यांची खालची कवळी मीच बनवली होती आणि ती टोचत होती. गुडघ्यांमुळे त्यांना येववत नव्हतं, म्हणून दवाखान्याने मला पाठवलं. सव्वा तास. समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून, त्या दांडीवरच्या रंगाच्या एका पोपड्यावर नजर लावून मी तो सव्वा तास काढला. रस्त्यात काय होतं विचाराल तर मला सांगता यायचं नाही. पोपडा मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

कवळी घासली, बसवली, परत घासली. बाईंनी दोनदा चावून बघितलं आणि म्हणाल्या, "आता बहिणीशी भांडता येईल. तिच्याकडेच चाललेय कायमची. हे घर विकतेय."

तोपर्यंत मी घर बघितलंच नव्हतं, फक्त बाईंचा जबडा बघितला होता. मग मान वर केली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, फरशीवर पडलं होतं आणि हलत होतं, कारण बाहेर एक झाड होतं. आमच्याकडे ऊन येत नाही. समोरच्या इमारतीच्या काचेवर आपटून आलेलं उष्टं ऊन येतं, तेही दहा मिनिटं. मी हत्यारं पुसता पुसता त्या हलणाऱ्या उन्हात खाली बसले. काही आवाज नव्हता. म्हणजे होता, पण तो लांबून कुठूनतरी येत होता आणि माझ्याकडून त्याला काही नको होतं. किती वेळ बसले कोण जाणे. बाईंनी मला उठवलं नाही. इतकी वर्षं शाळेत काढलेल्या बाईला कोणाला कधी उठवायचं नाही हे कळतं बहुतेक.

परत येताना जीव नेहमीसारखा कासावीस झाला. पण डोळे मिटले की ती फरशी हलायची.

घरी सांगितलं. खिळे म्हणाला, "बघू या की." पैशांची जुळवाजुळव होण्यासारखी होती आणि थिएटरची कार्यशाळा शहराच्या त्याच टोकाला होती, त्यामुळे त्याचं काही अडत नव्हतं. बाबा जेवत होते. त्यांनी विचारलं, "शेवटचा थांबा ना? तळ्यावरून पुढे?" मी हो म्हटलं. "तिथे बस बारा मिनिटं थांबते," असं म्हणून ते पुढचा घास घेऊ लागले. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. बाबा बसबद्दल काही ना काही बोलतच असतात.

रविवारी आम्ही दोघं जाऊन घर बघून आलो. बाबा आले नाहीत. "आधी तुम्ही बघा, मग मला दाखवा," म्हणाले आणि स्वतःच हसले. खिळेने दारात उभं राहून, मग आत शिरून, फुटपट्टी आणि टेप लावून सगळं वहीत उतरवलं. मास्तरीणबाई पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबायला तयार होत्या. खिळे परतीच्या बसमध्ये माझ्या कानाशी सारखा बोलत होता, इथे कपाट, तिथे फळी, आणि मी दांडी धरून बसले होते. अचानक मी म्हटलं, "पण बाबांचं काय?"

त्यानंतर आठवडाभर कोणी काही बोललं की मी तेच म्हणायची. झाड छान आहे. पण बाबांचं काय? बाईंनी निरोप पाठवलाय. पण बाबांचं काय? शेवटी मी जाहीर करून टाकलं. बाबांना तिथे कोणाचाही हात न धरता वावरता आलं, तरच घर घ्यायचं. फाटकापासून त्यांच्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात, मागच्या दाराने अंगणातल्या नळावर, आणि ग्लासभर पाणी घेऊन परत. एकट्याने. ते जमलं नाही तर घराचं नाव काढायचं नाही. हे बोलताना मला माझाच फार अभिमान वाटला. वडिलांसाठी घरावर पाणी सोडायला तयार असलेली मुलगी! मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटून घेतली.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परीक्षा कधी आहे?"

अशा रीतीने गच्चीवर घर आलं. घर गच्चीत बरोबर बसलं, अंगण तेवढं पाण्याच्या टाकीपाशी कापावं लागलं. नळाच्या जागी खिळेने एक उलटी बादली ठेवली. दार म्हणजे सुतळीतली मोकळी जागा. बाबा रोज संध्याकाळी अनवाणी वर यायचे आणि चालायचे. फाटक, तीन पायऱ्या (या लाकडाच्या होत्या, खऱ्या मापाच्या), दार, आत पाच पावलं, उजवीकडे वळा, खोली. खोलीतून बाहेर, पुढे चार पावलं, डावीकडे स्वयंपाकघर. सुरुवातीला ते हात पुढे धरायचे. पण हाताला लागायला भिंतच नव्हती, तेव्हा ते हात आपोआप खाली आले. दहाव्या दिवशी ते खिशात हात घालून चालत होते.

त्या संध्याकाळी मला आता एकात एक मिसळलेल्या आठवतात. मी लॅबमधून येऊन थेट वर जायची आणि सुतळीच्या स्वयंपाकघरात, जिथे ती खिडकी होती, तिथे बसायची. खिळे मागच्या भिंतीला टेकून बसायचा, म्हणजे टाकीला. कपडे वाळत असायचे आणि त्यांच्या मधून बाबा येताना दिसायचे, जाताना दिसायचे, एखाद्या दारात थांबायचे. चहा प्यायला ते आपल्या खोलीत जायचे. खालून शहराचा सगळा गोंगाट यायचा, पण तो घराबाहेर असल्यासारखा वाटायचा. एकदा मला तिथेच डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा अंगावर चादर होती. ती काकूंची होती, अजून थोडी ओली. काकू म्हणाल्या, "तुझ्या घरात वारा फार येतो गं."

एक गोष्ट मात्र मला खुपायची. त्या घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. स्वतःचा फोटो बघताना कसं वाटतं, आपणच आहोत पण भांग भलतीकडे पडलाय, तसं. मी खिळेला म्हटलंही. तो म्हणाला, "भिंती नाहीत म्हणून तुला तसं वाटतंय. नटांनाही वाटतं." खरं तर मला कळायला हवं होतं. दिवसभर मी करते काय? गिऱ्हाइकाची उजवी दाढ माझ्या डाव्या हाताला ठेवून काम करते. पण त्या घराच्या बाबतीत मला कळायचं नव्हतं, म्हणून नाही कळलं.

बाईंनी दिलेल्या मुदतीच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसमध्ये ते खिडकीशी बसले, मी शेजारी, माझी दांडी धरून. थांबे मागे पडत गेले तसा त्यांचा चेहरा सैल होत गेला. "आता पेट्रोलपंप. आता खाली उतार, मग शाळा. इथे एक कुत्रा आडवा यायचा रोज, मेला असेल आता." एका ठिकाणी ते जरासे पुढे झुकले आणि पुढच्याच क्षणी बस पुलावर चढली. डोळे मिटून घेतले होते त्यांनी. मिटले काय नि उघडे काय, पण मिटले होते. मला ते झोपेत चालवत असल्यासारखे वाटले.

शेवटचा थांबा आला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि एवढी शांतता झाली की खिळेच्या खिशातले खिळे ऐकू आले. बाबा उतरून जरा वेळ तिथेच उभे राहिले. मग मी त्यांना फाटकापर्यंत नेलं, म्हणजे त्यांच्या पुढे चालत बोलत राहिले. चाळीस पावलं. फाटकाला त्यांनी हात लावला, अंदाज घेतला आणि म्हणाले, "तुम्ही आत जाऊन उभे राहा. मध्ये मध्ये बोलू नका."

मास्तरीणबाई खुर्चीत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात. खिळे वही छातीशी धरून कोपऱ्यात, पहिल्या प्रयोगाला उभा राहतो तसा.

बाबा आले. तीन पायऱ्या झरझर चढले. दारातून आत. एक, दोन, तीन, चार, पाच. हात खिशात. उजवीकडे वळले, आपल्याच घरात चालतात तसे सरळ चालू लागले आणि कपाळ खाडकन भिंतीवर आपटलं.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. बाबा दोन पावलं मागे आले. त्यांनी भिंतीला हात लावला, वर, खाली, बाजूला. भिंतच होती. त्यांच्या चेहऱ्यावर दुखलं असं काही नव्हतं. फक्त ते हरवले होते. सहा वर्षांत मी त्यांना आंधळं झालेलं पहिल्यांदा पाहिलं.

"अरे देवा," खिळे म्हणाला. तो वही उघडून बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. "मी नटाची बाजू लिहिली."

ते कोणाला कळेना, म्हणून तो घाईघाईने सांगायला लागला. नाटकात डावं-उजवं प्रेक्षकाचं नसतं, रंगमंचावर प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं असतं. प्रेक्षकाला उजवीकडे दिसते ती नटाची डावी बाजू. सव्वीस वर्षं तो तसंच लिहितो. इथे दारात उभं राहून त्याने समोर घर पाहिलं, रंगमंच पाहतो तसं, आणि हाताने सवयीने सगळं नटाच्या बाजूने लिहून टाकलं. गच्चीवर आखताना मात्र तो साध्या माणसासारखं वाचत गेला. महिनाभर आम्ही बाबांना आरशातलं घर शिकवलं होतं. त्यांची खोली डावीकडे होती.

"म्हणजे सगळं उलटं?" बाबांनी विचारलं.

"सगळंच, बाबा. माझं चुकलं. मला जोड्याने मारा."

बाबांच्या कपाळावर टेंगूळ येत होतं. ते बघून मी पुढे झाले आणि म्हणाले, "राहू द्या बाबा. नाही घ्यायचं आपल्याला हे घर. संपला विषय." बाईंकडे वळून म्हटलं, "माफ करा हं, तुम्हाला उगाच ताटकळत ठेवलं." आणि हे बोलताना माझा जीव भांड्यात पडला. अगदी खरं सांगते, इतकं हलकं मला महिनाभरात वाटलं नव्हतं. रडू येत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि मला वाटलं की हे बाबांसाठीच आहे.

बाबांनी मान माझ्या दिशेला वळवली. मग म्हणाले, "बाजूला हो. पुन्हा."

"बाबा, नको ना. लागलंय तुम्हाला."

"जावईबापू, तिला जरा धरून ठेवा. आणि मला फाटकाकडे तोंड करून द्या."

फाटकापर्यंत ते भिंतीला बोटं लावत गेले. तिथे बराच वेळ उभे राहिले. त्यांचे हात हवेत थोडेसे हलत होते, मोठं स्टिअरिंग धरल्यासारखे. खिळे माझ्या कानाशी पुटपुटला, "काय करतायत?" मला माहीत होतं. लहानपणी मी डेपोत पाहिलं होतं. तीस बस दाटीवाटीने उभ्या, मधे एक फट, आणि बाबा मागे वळूनही न बघता नुसत्या आरशात बघत बस त्या फटीत उलटी घालायचे. उजवीकडचं डावीकडे करून, डावीकडचं उजवीकडे करून. दुसरे ड्रायव्हर हातातला चहा विसरून बघत राहायचे.

ते चालायला लागले. तीन पायऱ्या. दार. पाच पावलं. थांबले. ओठ हलले. डावीकडे वळले आणि आपल्या खोलीत शिरले. आम्ही श्वास धरून उभे होतो. खोलीतून बाहेर, पुढे चार पावलं, उजवीकडे. माझ्या अंगाशेजारून ते स्वयंपाकघरात गेले, इतक्या जवळून की शर्टाची इस्त्री मला लागली. ओट्यावर बाईंनी ठेवलेला ग्लास त्यांनी चाचपून उचलला. मागचं दार. अंगणात नळ सुटल्याचा आवाज झाला, भरण्याचा आवाज झाला, बंद झाल्याचा आवाज झाला. परत येताना ते त्या हलणाऱ्या उन्हातून आले. ग्लास त्यांनी माझ्यापुढे धरला.

"घे. पाणी पी," ते म्हणाले. "आणि आता मी काय म्हणतो ते ऐक. मघाशी तू 'नाही घ्यायचं' म्हणालीस ना, तेव्हा तू श्वास सोडलास. मी ऐकला तो."

"तुम्हाला लागलं म्हणून..."

"मला लागलं तेव्हा तू श्वास धरलास. घर नको म्हणालीस तेव्हा सोडलास. एकतीस वर्षं पाठीमागे साठ माणसं घेऊन बसलोय मी, कोण कशाने सुस्कारा टाकतं ते मला कळतं. तुला बसची भीती वाटते. लॅबला रोजचे जाऊन-येऊन अडीच तास, ते तुला नकोत. भीती तुझी आणि परीक्षा माझी? हा कुठला न्याय?"

मला राग आला. खरं ऐकल्यावर येतो तसलाच राग, कान तापवणारा. मी म्हणाले, "आणि तुम्ही दिवसभर इथे एकटे काय करणार? न्हावी आहे का इथे? माणसं आहेत?"

"मला विचारलंस का एकदा तरी?" आता त्यांचाही आवाज चढला. रागात मी कोणावर गेलेय ते सगळ्यांना माहीतच आहे. "अख्खा महिना 'बाबांचं काय, बाबांचं काय' करत फिरलीस. खिळेला विचारलंस, काकूंना विचारलंस. मला विचारलंस? मी न्हाव्याकडे का बसतो? दाढी करायला? बसचा आवाज यावा म्हणून बसतो. तिथे बस समोरून जाते, भुर्रकन, आणि संपलं. इथे ती येऊन थांबते. बारा मिनिटं इंजिन बंद. ड्रायव्हर खाली उतरतो, पाय मोकळे करतो, दोन शब्द बोलतो. मी इथेच उतरायचो, या थांब्यावर. दुपारी या रस्त्याला कोणी नसायचं. मला वाटायचं, इथे राहणारी माणसं काय नशीबवान असतील." ते थांबले. "तू या थांब्याचं नाव घेतलंस त्या रात्री मला झोप नाही आली. पण म्हटलं, मुलगी स्वतःहून विचारेल."

मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. मला फार लाज वाटली, आणि लाजेच्याही खाली एक भीती होती, तीच, खरी, माझी. ती आता सगळ्यांसमोर उघडी पडली होती आणि तिला बाबांच्या मागे लपायला जागा उरली नव्हती.

"मला नाही जमायचं, बाबा," मी म्हणाले. "मला खरंच बस लागते."

"माहितीये. लहानपणी तू माझ्या गणवेशावर ओकली होतीस. जमेल. नाही जमलं तर दांडी धरून बसशील. पण ठरवताना माझं नाव पुढे करू नकोस."

बाईंना आम्ही उत्तर दिलं नाही. म्हणजे, मी म्हटलं, "परवा सांगते." बाई म्हणाल्या, "थांबते की. बहीण कुठे पळून जात नाही."

परतीची बस थांब्यावर बारा मिनिटं उभी होती. बाबा खाली ड्रायव्हरशी गिअरबद्दल काहीतरी बोलत होते आणि त्यांच्या कपाळावरचं टेंगूळ बघून तो तरुण ड्रायव्हर त्यांना हात द्यायला गेला, तो त्यांनी झटकला. मग आत येऊन ते माझ्या शेजारी बसले. खिळे मागच्या सीटवर वहीत तोंड खुपसून डावं-उजवं खोडत होता.

बस सुटली. मी दांडी धरली.

"दांडी सोड," बाबा म्हणाले.

"बाबा, प्लीज."

"सोड. डोळे मीट. तू दांडीकडे बघत बसतेस आणि गाडी जाते भलतीकडे, मग पोट ढवळणार नाही तर काय होणार? रस्त्याबरोबर जा."

"डोळे मिटून रस्ता कसा दिसेल?"

"मी काय करतो मग?"

मी दांडी सोडली. डोळे मिटले. आत आधी नुसतं गरगरलं. मग बाबांचा आवाज आला, हळू, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असा. "आता ऐक. वळण येण्याआधी ड्रायव्हर पाय उचलतो. आवाज उतरतो. उतरला? आता अंग सैल. गाडी डावीकडे चालली, तूही जा." मी गेले. बस डावीकडे गेली आणि मी तिच्याबरोबर गेले, एक थेंबही न सांडता. "आता सरळ. आता झाडं आहेत दोन्हीकडे, गारवा लागेल गालाला." लागला. डोळ्यांपुढे फरशी हलत होती की रस्ता, ते मला कळेना. सुतळीच्या घरात बसल्यासारखं वाटत होतं, कुठेच भिंत नाही आणि तरी आपण आत आहोत.

"पुढचं तू सांग," बाबा म्हणाले.

मी कान लावला. आवाज उतरला. सीट किंचित वर उचलल्यासारखी झाली. पोट शांत होतं. मी म्हणाले, "पूल."

बस धपकन आदळली. नुसता गतिरोधक होता. मागून खिळेच्या खिशातले खिळे खळखळले आणि त्याला हसू आवरेना. मी डोळे उघडायला गेले, तर बाबांचा हात माझ्या डोळ्यांवर आला, खरखरीत, गरम, स्टिअरिंगचा.

"पुन्हा," ते म्हणाले.